सिंगापूरला राहिलेली छत्री

यमुना,

काल तुझा दहावा झाला. सातपाटीहून परतताना एस.टी.त मी खिडकीशी बसले आणि शेजारच्या जागेवर सवयीने पिशवी ठेवली, तू मागून चढशील म्हणून. कंडक्टरने दोनदा विचारलं, "बाई, कोणी येतंय का?" पालघर येईपर्यंत पिशवी तिथेच होती.

हे मी तुलाच लिहिते आहे, पण वाचणार आहेत माझी नातवंडं, तिकडे टोरांटोला. त्यांनी तुला एकाच हिवाळ्यात पाहिलं. चिंचणीच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत काठीने तू त्यांना डहाणूपासून कन्याकुमारीपर्यंतचा किनारा काढून दिला होतास आणि लाट येऊन केरळ पुसून गेली म्हणून धाकटी रडली होती. परवा फोनवर तिनेच विचारलं, "यमुनाआजीला कोणीच नव्हतं का?" मी म्हटलं, लिहून कळवते. त्यामुळे तुला पाठ असलेल्या गोष्टीही मला सांगाव्या लागणार. "बाई, तुम्ही परत पहिल्यापासून सुरू केलंत," असं म्हणू नकोस.

पालघरच्या शाळेत आपण तिघी होतो. मी इंग्रजीची, नलिनी शास्त्राची आणि तू भूगोलाची. मी बोईसरच्या कॉलनीतून यायचे, तू सातपाटीहून. वयाने मी तुझ्याहून मोठी, म्हणून मी तुला नावाने हाक मारायचे आणि तू मला शेवटपर्यंत 'बाई'च म्हणालीस. तू नकाशा न बघता फळ्यावर खंड काढायचीस. सातपाटीच्या कोळीवाड्यातली पदवी घेतलेली पहिली मुलगी तू. शेजारच्या दांडी, घिवली गावांतल्या आया आपल्या मुलींना आठवीनंतर घरी बसवायच्या नाहीत, ते शाळेकडे बघून नव्हे, तुझ्याकडे बघून. "आमची यमुना हाय ना तिकडे," असं म्हणत त्या मुलीचा हात तुझ्या हातात द्यायच्या आणि मासळीची टोपली उचलून बाजाराला जायच्या.

नलिनीचे यजमान वसंतराव तारापूरच्या एका कारखान्यात होते. त्यांना सिंगापूरच्या जहाजदुरुस्तीच्या गोदीत काम मिळालं आणि नलिनी गेली. तिची खुर्ची आपण कोणाला देऊ दिली नाही. वर्षभर तिची पत्रं यायची, प्रत्येक पत्राच्या शेवटी 'या'. एके दिवशी तू डबा बंद केलास आणि म्हणालीस, "मी पोरींना मलाक्काची सामुद्रधुनी शिकवते आणि मी स्वतः विरारच्या पुढे गेले ती एकदा, दात काढायला. चला बाई, जाऊ या."

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. त्या काळी मद्रासहून सिंगापूरला प्रवासी जहाज जायचं. मे महिन्याची सुट्टी आणि तिला जोडून साठवलेली रजा. मुख्याध्यापकांनी अर्जावर सही केली ती मान हलवत. माझ्या सासूबाईंनी विचारलं, तिकडे कोण आहे तुमचं? मी म्हटलं, शाळेतली नलिनी. शाळेतल्या बाईला भेटायला कोणी समुद्र ओलांडतं, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

मद्रासच्या बंदरात घडलेली ती पहिली गोष्ट मी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. तू माझ्यापुढे होतीस. जिन्याच्या फळीला हात लावून तो हात कपाळाला लावलास आणि चढायला लागलीस. तुझी पाण्याची बाटली खाली बाकावर राहिली होती. मी ओरडले, "यमुना, बाटली." तू थांबली नाहीस, वळली नाहीस. वर पोहोचल्यावर मात्र माझ्यावर अशी बरसलीस की शेजारचं तमिळ कुटुंब सामान सोडून बघत राहिलं. रागावलीस की तुझी शाळेतली भाषा गळून पडायची.

"बाई, दर्यावर निघालेल्या माणसाला मागून हाक नाय मारायची. तुमच्या वाडीत चालत असेल, आमच्यात नाय. मागून हाक आली तर माझा भाऊ होडी परत लावतो. मग त्या दिवशी जायचं नाय म्हणजे नाय."

मी म्हटलं, तू भूगोल शिकवतेस, भरती-ओहोटीची कारणं शिकवतेस आणि हे मानतेस? तू म्हणालीस, "भरती चंद्राने येते. माणूस हाकेने परत येतो. दोन्ही शिकवता येतं."

जहाजावर मी आडवी पडून होते आणि तू कठड्याशी उभी. सकाळी येऊन मला सांगायचीस, आज पाण्याचा रंग बदलला, आज कोणता पक्षी दिसला. मी घरी बसून प्रत्येक दिवसाचा कार्यक्रम आखला होता, सकाळी काय, दुपारी काय. तू तो वाचलास आणि म्हणालीस, "दोन तासांमध्ये मधली सुट्टी ठेवा म्हणजे झालं."

सिंगापूरला उतरलो आणि तो कार्यक्रम पहिल्याच दिवशी मोडला. नलिनी नवव्या मजल्यावर राहायची. त्या इमारतींना मागच्या बाजूला खिडकीखाली नळ्या बसवलेल्या, त्यांत बांबू खोचून लोक कपडे वाळत घालायचे. बांबूच बांबू, हवेत आडवे. तू खाली रस्त्यावर उभी राहून मान वर करून बघत राहिलीस. म्हणालीस, "यांच्याकडे मासळी वाळवायचा मांडव आहे आणि वर घालतात काय, तर लेंगे."

दुसऱ्या दिवशी तू बाजारातून लहान मासे आणलेस. आपल्याकडे बोंबील वाळवताना दोन माशांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकतात. हे मासे तसले नव्हते, जबड्यात जबडा अडकेना. तू नलिनीच्या शिवणाच्या दोऱ्याने शेपट्या बांधल्यास आणि वसंतरावांच्या दोन शर्टांच्या मध्ये मासे लटकवलेस. नलिनीला वाटलं, आता तक्रार येणार. आली ती शेजारची चिनी आजी. तिने मासे बघितले, मान हलवली, घरात गेली आणि स्वतःकडचे सुके मासे कागदात बांधून घेऊन आली. तुम्ही दोघी स्वयंपाकघराच्या दारात अर्धा तास बोलत होतात, ती चिनीत, तू सातपाटीच्या बोलीत. मी इंग्रजीची शिक्षिका मध्ये उभी, काही कामाची नाही.

त्याच संध्याकाळी दिनकर आला. वसंतरावांच्या ओळखीचा, हर्णैच्या मच्छीमार घरातला, बंदरात मोठ्या जहाजांना ओढून आत आणणाऱ्या बोटीवर इंजिन सांभाळायचा. नलिनीने विचारलं, घर सापडायला त्रास नाही ना झाला? तो म्हणाला, "खालून मासे दिसले, वहिनी. मजला विचारावा लागला नाही."

तू आतून बघत होतीस. नलिनीने ठेवणीतले कप काढले होते आणि पोहे केले होते. त्या घरात तोवर पोहे झाले नव्हते. तू ताटली हातात घेतलीस, तिला विचारलंस, "मला दाखवतेस का गं?" ती लाल झाली. मला यातलं काही माहीत नव्हतं, हे तू मानलंस, म्हणून आपली मैत्री टिकली. तू पोहे घेऊन बाहेर गेलीस, त्याच्यापुढे ठेवलेस आणि समोरच्या खुर्चीवर बसलीस. म्हणालीस, "तुमचं बघून झालं असेल तर आता मी बघते." तो घास हातात धरून हसला. मग तू त्याला हर्णैच्या बंदराबद्दल असं काही विचारलंस की मला वाटलं तोंडी परीक्षा चालू आहे. तो पास झाला. तू कधी म्हणाली नाहीस, पण मी तुझ्या शेजारी बसून अनेक परीक्षा पाहिल्या आहेत.

त्यानंतरचे दिवस मी मुलांना नीट सांगू शकत नाही, कारण मी आणि नलिनी मागून चालायचो आणि तुम्ही दोघं पुढे. नदीच्या काठाला चपट्या बोटी एकमेकींना चिकटून उभ्या असायच्या, मजूर फळीवरून पोती वाहून आणायचे आणि तू आणि दिनकर तिथेच थांबायचात. एक जागा होती, दिवसा तिथे मोटारी उभ्या राहायच्या आणि संध्याकाळी त्या हलल्या की खाण्याच्या गाड्या लागायच्या. धूर, दिव्यांच्या माळा, चार भाषांतल्या आरोळ्या, कढईवर आपटणारे डाव. त्या गर्दीत एका डगमगत्या टेबलाशी आपण चौघं बसलो होतो. त्याने तुला सगळ्यांसमोर विचारलं. आडपडदा नाही. म्हणाला, मला इथेच राहायचं आहे, तुम्हाला इथे यावं लागेल, शाळा सोडावी लागेल, हे मला माहीत आहे.

"उत्तर निघायच्या दिवशी द्या," तो म्हणाला. "नाही दिलंत तरी राग नाही. मी पुन्हा विचारून तुम्हाला त्रास देणार नाही."

तू मान हलवलीस आणि माझ्या ताटलीतली कोळंबी उचलून खाल्लीस.

नंतर मी तुला कितीदा विचारलं, काय सांगणार आहेस? तू बांबूवरचे कपडे काढत होतीस. म्हणालीस, "बाई, माझ्या वर्गातल्या दांडीच्या त्या दोघी पोरी आता दहावीला आहेत." मी म्हटलं, दहावी दरवर्षी येते, दिनकर दरवर्षी येणार नाही. तू म्हणालीस, "ते पण खरंय." एवढंच. मी म्हटलं, जे असेल ते घरी बसून स्वच्छ शब्दांत सांग, धक्क्यावर गडबड असते. तुझं म्हणणं, त्याने निघायच्या दिवशी सांगितलंय, तर निघायच्या दिवशी.

निघायच्या दिवशी त्याची बोट कामावर गेली होती. आपण धक्क्यावर थांबलो. तू सगळ्यांना पुढे जाऊ दिलंस. माणसं गेली, ट्रंका गेल्या, एक म्हातारी खुर्चीत बसवून वर नेली. जहाजावरचा माणूस हाताने या, या करत होता. शेवटी तू फळीला हात लावलास, कपाळाला लावलास आणि चढायला लागलीस. मी तुझ्या मागे. तेवढ्यात नलिनीचा आवाज आला, "आलात एकदाचे."

मी वळले. वळायचं नसतं हे मला कुठे ठाऊक होतं. तो धावत आला होता, कामाचे कपडे, बाहीला तेल. जिन्याच्या पायथ्यापासून थोडा अलीकडे तो थांबला. तोंड उघडलं. मग त्याने स्वतःच्या हाताने स्वतःचं तोंड झाकलं, लहान मूल झाकतं तसं, आणि तसाच उभा राहिला.

वर पोहोचल्यावर मी म्हटलं, "तो आला होता." तू म्हणालीस, "माहीत हाय." मग कठड्याशी गेलीस. तो खाली नलिनीच्या शेजारी, तू वर. इंजिनाचा आवाज सुरू झाला होता, बोललेलं पोहोचलं नसतं. दोघांपैकी कोणी हात हलवला नाही.

यमुना, तिथपासून तुझा आणि माझा वाद सुरू झाला तो आजवर मिटला नाही. शाळेत, बोईसरच्या भाजीबाजारात, एस.टी. स्टँडवर, माझ्या मुलाच्या लग्नाच्या पंगतीत. मी म्हणायचे, तो भित्रा. एक हाक मारायची होती. तू म्हणायचीस, "हाक मारली असती तर मला उतरावंच लागलं असतं, बाई. त्याने मला मोकळं सोडलं." मी म्हणायचे, मग तू पत्र का लिहिलं नाहीस? तू म्हणायचीस, त्याचा काय निरोप येतो ते बघू. तो तर पुन्हा विचारणार नाही म्हणाला होता आणि शब्दाचा पक्का होता. तू पक्की. तुम्ही दोघं एकमेकांना मोकळं सोडत बसलात. दोन पावसाळे गेले आणि नलिनीने कळवलं की हर्णैच्या मंडळींनी त्याचं लग्न ठरवलं. ते पत्र तू स्टाफरूममध्ये उभ्यानेच वाचलंस, घडी घातलीस आणि तासावर गेलीस. त्या दिवशी तू कोणता नकाशा काढलास, हे मी तुझ्या वर्गातल्या मुलींना कधी विचारलं नाही.

आणि ती छत्री. नलिनीने पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, यमुनाची काळी छत्री दारामागे राहिली आहे, कोणाबरोबर पाठवू का? तू उत्तर लिहायला मला सांगितलंस, राहू दे म्हणून. जूनमध्ये पालघरला तू नवी छत्री घेतलीस. मी तुला वेंधळी म्हणाले आणि विसरून गेले. मी, जिला प्रत्येक गोष्ट जागच्या जागी लागते, तिच्या हे लक्षात आलं नाही की तू आयुष्यात कधी काही विसरलेली नाहीस. मद्रासला बाटली राहिली तीसुद्धा माझ्या पिशवीखाली गेली म्हणून. पावसाळा तोंडावर आलेला असताना सातपाटीची बाई छत्री मागे ठेवून येते, ती परत जायचं असल्याशिवाय नाही. मला हे आत्ता, तू गेल्यावर, नलिनीचा फोन आला तेव्हा कळलं. तिने तीन घरं बदलली. ती म्हणाली, छत्री अजून आहे.

एक प्रश्न मी तुला कधी विचारला नाही. त्याने तुला मोकळं सोडलं हे ठीक. तुला मोकळं व्हायचं होतं का? तो जिभेवर यायचा आणि मी गिळायचे, कारण तू 'नाही' म्हणाली असतीस तर पुढे काय बोलायचं, हे मला माहीत नव्हतं. आणि तू परत आलीस ते मला हवंच होतं. माझ्या यजमानांचं ऑपरेशन झालं तेव्हा तूच रोज दोन बस बदलून डबा आणलास. माझ्या मुलाला तूच नकाशे शिकवलेस आणि तो नकाशातल्या लांबच्या टोकाला जाऊन बसला, तेव्हा रविवारी माझ्या ओट्यावर येऊन वाल सोलत बसणारी तूच होतीस. दांडीच्या त्या दोघींपैकी एक आज बोईसरला नर्स आहे. शेवटी तुझा हात तिच्या हातात होता. हे सगळं मला मिळालं. मी तुला कधी 'तू परत आलीस, बरं झालं' असं म्हटलं नाही. ते म्हणणं म्हणजे दिनकरला पाठवून दिल्यासारखं झालं असतं.

आपण पुन्हा जाणार होतो. दरवर्षी ठरायचं. एकदा माझ्या घरचं लग्न, एकदा तुझ्या आईचं आजारपण. मग ते जहाज बंद झालं. विमानाने जाऊ म्हटलं तर तू म्हणालीस, "विमानातून मध्ये पाणी दिसतं का?" मी म्हटलं, ढग दिसतात. "मग निवृत्त झाल्यावर बघू," तू म्हणालीस. मी निवृत्त झाले. तुझ्या नोकरीची काही वर्षं उरली होती.

दवाखान्यात मी अखेरची आले तेव्हा तू खिडकीकडे बघत पडली होतीस. मग म्हणालीस, "बाई, छत्री आणायची राहिली."

आणि मी काय म्हणाले? मी म्हटलं, "बरी हो, नवीन घेऊ."

तू माझ्याकडे बघितलंस आणि थोडी हसलीस, एखादी मुलगी चुकीचं उत्तर देते आणि तू तिला रागवत नाहीस तेव्हा हसायचीस तशी. पुन्हा प्रयत्न करायला मला वेळ मिळाला नाही.

तुला नेलं त्या दिवशी गल्लीत सबंध सातपाटी होती. होड्या गेल्या नव्हत्या. बायका वळणापर्यंत आल्या आणि थांबल्या, तिथून पुढे पुरुष. मी तुझ्या वहिनीच्या शेजारी उभी होते. तुझ्या भावाने खांदा बदलला आणि ते तुला घेऊन समुद्राकडे चालायला लागले. यमुना, त्या क्षणी मला सगळं उत्तर आलं. दवाखान्यात काय म्हणायला हवं होतं ते, तो प्रश्न, बरं झालं परत आलीस ते, सगळं एका वेळी. तुझं नाव माझ्या तोंडात आलं. मोठ्याने, वर्गापलीकडे ऐकू जाईल असं.

वहिनीने माझ्या दंडाला धरलं. "बाई, हाक नका मारू," ती हळूच म्हणाली. "ती निघाली. तिला जाऊ द्या."

मी हात उचलला आणि स्वतःचं तोंड झाकलं. तू वळण पार करेपर्यंत तो तसाच दाबून धरला. इतका जोर लागतो, हे मला माहीत नव्हतं. मी त्या माणसाला इतकी वर्षं भित्रा म्हणत आले.

वाद तू जिंकलीस. धाकटीला मी लिहिते आहे की यमुनाआजीला कोणीच नव्हतं असं नाही. आणि नलिनीला कळवते, छत्री राहू दे, दारामागेच.